जुन्या एफ-२५० मध्ये कमिन्स ६बीटी : इंजिन सोडून बाकी काय काय बदलावं लागतं?

रिंगपाना
गाडी १९८८ ची फोर्ड एफ-२५०, फोर बाय फोर. पेट्रोल ७.५ लिटर व्ही-८ (४६०), पाच गिअरचा झेडएफ एस५-४२ गिअरबॉक्स, मागे स्टर्लिंग १०.२५ ॲक्सल, पुढे-मागे दोन्हीकडे ४.१० प्रमाणाचं क्राउन-पिनियन, टायर २३५/८५ आर१६. पेट्रोल इंजिन काढून कमिन्सचं ५.९ लिटर बारा व्हॉल्व्हचं ६बीटी टाकायचा विचार आहे.

प्रश्न तीन. एक, सहा सिलिंडरचंच घ्यावं की ३.९ लिटरचं ४बीटी पुरेल? दोन, डिझेल इंजेक्शनचा पंप व्हीई असलेलं घ्यावं की पी-पंप असलेलं? तीन, गिअरबॉक्स आणि ॲक्सलचं हाउसिंग आहे तेच चालेल का?

"नवीन गाडी घे" हे उत्तर घरून मिळालेलं आहे, त्यामुळे ते कृपया कोणी देऊ नये.

ठोकळा
नवीन गाडी घे.

काळंतेल
ठोकळाभाऊंकडे दुर्लक्ष करून मुद्द्यावर येतो.

आधी वजन बघा. ४६० भरतं साधारण ३२० किलो, ६बीटी सुमारे ५००. त्यावर इंटरकूलर, दुसरी बॅटरी, मोठा रेडिएटर. म्हणजे पुढच्या ॲक्सलवर २०० किलोच्या वर बोजा वाढला. तुमच्या गाडीला पुढे पाटेच आहेत, पण ॲक्सल मधोमध तुटक, टीटीबी प्रकारचा. पाटे बसले की टायरचा वरचा भाग आत झुकतो आणि आतली कड खाल्ली जाते. ती अलाइनमेंटवाल्याकडे नेऊन सुटत नाही, उंची परत आणावी लागते. त्याच काळात फोर्ड हीच गाडी ७.३ लिटर डिझेलमध्ये विकत होती, तिचे पुढचे पाटे शोधा. ते मिळाले की अर्धं दुखणं संपलं.

खरं तर चेसिस अजून घ्यायची असती तर मी डिझेलचीच एफ-२५० घ्या म्हटलं असतं. डिझेलची टाकी, दोन बॅटऱ्यांची जागा, मोठा रेडिएटर, व्हॅक्यूम पंप, जड पाटे, सगळं फोर्डनंच करून ठेवलेलं असतं. पेट्रोलच्या गाडीत यातलं एकेक तुम्हाला उभं करावं लागेल.

टॉर्कवाली
४बीटीचा विषय आधी निकालात काढू या. ४बीटी साधारण ३४० किलो, म्हणजे वजनात ४६० च्या जवळपास. त्यामुळे कागदावर मोह होतो. पण पाव-बिस्किटं वाटणाऱ्या डब्यासारख्या व्हॅनमधून निघालेलं ४बीटी बहुतेक १०५ हॉर्सपॉवरचं असतं, आणि त्याला बॅलन्स शाफ्ट नाही. जवळजवळ एक लिटरचा एकेक सिलिंडर, ओळीत चार. त्याची दुसऱ्या क्रमाची थरथर थेट चेसिसमध्ये उतरते. आरसे, डॅशबोर्ड, रेडिएटरचे टाके, सगळ्यांना ती कळते. ओळीतलं सहा सिलिंडर मुळातच समतोल असतं. हलक्या आणि छोट्या पिकअपला ४बीटी शोभतं. एफ-२५० ला नाही.

गुंडूराव
टॉर्कवालीताईंशी सहमत, थोडी पुस्ती. थरथर कमी करायला लोक मऊ रबर लावतात आणि मग क्लच सोडताना इंजिन इतकं डोलतं की पंखा भोवतालच्या कव्हरला (श्राउडला) लागतो. ४बीटीला मऊ रबर आणि मोकळी जागा दोन्ही हवं. ६बीटीला मध्यम रबर पुरतं. कडक पॉलियुरेथेन दोघांनाही नको. चेसिसला चिरा जातात त्या तिथूनच.

रिंगपाना
सहाच घेतो मग. पंपाचं सांगा.

काळंतेल
डॉजच्या पिकअपमध्ये १९८९ ते ९३ च्या इंजिनांना बॉशचा व्हीई पंप (रोटरी), १९९४ ते ९८ च्या बारा व्हॉल्व्हना पी७१०० इनलाइन. मूळचं व्हीई इंजिन १६० हॉर्सपॉवर आणि ४०० पाऊंड-फूट, म्हणजे ५४२ न्यूटन-मीटर. पी-पंपवाली १६० पासून पुढे, ९६ नंतरच्या मॅन्युअल गाड्यांत २१५ पर्यंत.

जुन्या गाडीत बसवायला व्हीई सोपा. आकारानं लहान, हलका, आणि चालायला एका वायरवर चालतो: बंद करायच्या सोलेनॉइडला चावीवरचे १२ व्होल्ट. वायर दिली की चालू, काढली की बंद. पी-पंपाचं बंद करणारं सोलेनॉइड लिव्हर ओढतं आणि त्यात दोन कॉइल असतात, एक ओढायची आणि एक धरून ठेवायची. ओढायची कॉइल भरपूर करंट खाते. तिला फक्त सेल्फ मारतानाच वीज मिळाली पाहिजे. चावीवर कायम जोडली तर जळते. नवीन सोलेनॉइड "दुसऱ्याच दिवशी गेलं" अशी तक्रार ऐकलीत की नव्वद टक्के कारण हेच.

सुपारीबोल्ट
पी-पंपाला डिझेलचा दाबही जास्त लागतो. व्हीईला पोचवायला ३ ते ५ पीएसआय बस होतात. पी-पंपाला २५ ते ३५ पीएसआय हवेत, आणि तो दाब परतीच्या तोंडावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह धरून ठेवतो. तो स्प्रिंग मेलेला असला की गाडी रिकामी पळते, लोड पडला की मरते. आणि लोक नोझल बदलत बसतात.

मधलागिअर
व्हीई सोपा आहे हे मान्य, पण "पुढे ताकद वाढवायची" असं मनात असेल तर आत्ताच पी-पंप घ्या. व्हीईची मर्यादा लवकर येते. दोनदा इंजिन उतरवण्यापेक्षा एकदाच जड काम केलेलं बरं.

काळंतेल
मधलागिअर, त्यांच्या पुढच्या ॲक्सलचा, क्लचचा आणि गिअरबॉक्सचा विचार करा ना. एस५-४२ मधला ४२ म्हणजे साधारण ४२० पाऊंड-फूट असं धरतात. मूळ व्हीई ४०० देतं. म्हणजे आत्ताच काठावर. ताकद वाढवायची तर गिअरबॉक्स पहिला ओरडेल. पंप कुठलाही घ्या.

मधलागिअर
मग गिअरबॉक्सही बदला. डॉजमध्ये ९४ नंतर आलेला एनव्ही४५०० घ्या, पहिला गिअर ५.६१, ओतीव लोखंडी खोकं.

गुंडूराव
झालं, आता ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी), मागचा क्रॉसमेंबर, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, गिअरच्या दांड्याचं भोक, सगळं हललं. रिंगपाना, गाडी पूर्ण करायची असेल तर झेडएफ ठेवा. फक्त एक लक्षात घ्या: झेडएफचं बेलहाउसिंग (क्लचवरचं, इंजिनला जोडणारं खोकं) वेगळं नाही, खोक्यासोबतच ओतलेलं आहे. त्यामुळे बेलहाउसिंग बदलून काम भागत नाही, मधे ॲडॅप्टर प्लेट लागते. आणि झेडएफ तीन वेगवेगळ्या नमुन्यांत आला: छोटा व्ही-८, मोठा व्ही-८ आणि डिझेल. तुमचा ४६० चा, म्हणजे मोठ्या व्ही-८ चा. प्लेट मागवताना हे सांगितलं नाही तर चुकीची प्लेट येईल, आणि ती टेबलावर ठेवली की दिसायला अगदी बरोबरच दिसते.

प्लेट बसवल्यावर डायल गेज (सुईचं मापयंत्र) लावून बघा. फ्लायव्हीलवर मॅग्नेट, सुई बेलच्या भोकाच्या आतल्या कडेला, आणि क्रँक हातानं पूर्ण फिरवा. सुई एकूण ०.२५ मिमीच्या आत राहिली पाहिजे. बाहेर गेली तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट कायम वाकडा ढकलला जातो, पायलट बेअरिंग ओरडतं आणि क्लच नीट सुटत नाही. बोल्ट आवळून हे सुधारत नाही. डॉवेल पिना, म्हणजे जागा धरणाऱ्या पिना, सरकवाव्या लागतात.

क्लचप्लेट निवडताना तीन मापं: व्यास फ्लायव्हीलप्रमाणे, आतले दाते झेडएफच्या शाफ्टप्रमाणे, पायलट बेअरिंगचा बाहेरचा व्यास फ्लायव्हीलप्रमाणे आणि आतला शाफ्टच्या टोकाप्रमाणे. तिन्ही एकाच डब्यात मिळतील असं धरून चालू नका.

टॉर्कवाली
क्राउन-पिनियनचा हिशेब करून टाकते. २३५/८५ आर१६ चा घेर साधारण २.५३ मीटर. ताशी १०० किमी म्हणजे चाक मिनिटाला सुमारे ६६० वेळा फिरतं. ४.१० नं गुणलं की २,७००. झेडएफचा पाचवा ०.७६ चा, म्हणजे इंजिन २,०५० च्या आसपास. ३.५५ टाकलं तर साधारण १,७८०.

कमिन्सचा टॉर्कचा कळस १,६०० ते १,७०० ला आणि पूर्ण ताकद २,५०० ला. दोन्ही आकडे चालणारे आहेत. ओढायचं काम असेल तर ४.१० च ठेवा. शिवाय फोर बाय फोर आहे: मागचं बदललं की पुढचंही तेवढंच बदलावं लागतं, नाहीतर फोर-व्हील लावल्यावर ट्रान्सफर केस स्वतःलाच चघळत बसते.

पण ज्यांच्याकडे चार गिअरचा, ओव्हरड्राइव्ह नसलेला गिअरबॉक्स आहे त्यांनी हा हिशेब करून मगच इंजिन आणावं. ४.१० ला ताशी १०० वर २,७०० म्हणजे कमिन्स गव्हर्नरच्या (वेग अडवणाऱ्या यंत्रणेच्या) दारात उभं. पेट्रोलला हा वेग किरकोळ होता म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

ठोकळा
ताई गणिताच्या शिक्षिका आहेत का?

टॉर्कवाली
टायरवरचे आकडे वाचता येतात एवढंच.

सुपारीबोल्ट
इंजिन विकत घेताना काय बघायचं ते कोणी लिहिलंच नाही.

पहिलं म्हणजे गिअर हाउसिंगवरच्या पत्र्याच्या पाटीवर सीपीएल नंबर असतो. त्यावरून कळतं इंजिन मुळात कशासाठी बनलं होतं. ट्रकचं, पिकअपचं, शेतीच्या यंत्राचं की जनरेटरचं. जनरेटरचं स्वस्त आणि कमी चाललेलं मिळतं, पण त्याचा गव्हर्नर एकाच वेगाला, १,५०० किंवा १,८०० ला, बांधलेला. रस्त्यावर चालवायला पंपाचं काम करावं लागतं. बोटीतल्याला पाण्यानं थंड होणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, तो टाकाऊ. औद्योगिक इंजिनाला मागे एसएई ३ किंवा एसएई २ या ठरावीक मापाचं हाउसिंग असतं, पिकअपची ॲडॅप्टर प्लेट त्याला लागत नाही. काही इंजिनं २४ व्होल्टची. सेल्फ, अल्टरनेटर आणि सोलेनॉइड तिन्ही बदलायची तयारी हवी.

चालू करून बघता आलं तर: गरम झाल्यावर मंद वेगात ऑइलचा दाब १० पीएसआयच्या खाली नको, पूर्ण वेगात ३० च्या खाली नको. ऑइलचं झाकण सैल करून उलटं ठेवा. थोडं नाचलं तर ठीक, उडून पडलं तर रिंगा गेल्या. डिपस्टिक हुंगा. डिझेलचा वास येत असेल तर फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) किंवा व्हीईच्या शाफ्टचं सील आत गळतंय आणि बेअरिंगांनी किती दिवस पातळ ऑइल प्यायलं देव जाणे.

जुनाटलोहार
आणि डॉवेल पिन! अजून कोणीच कसं बोललं नाही?

बारा व्हॉल्व्हच्या ६बीटीमध्ये पुढचं गिअर हाउसिंग जागेवर बसवायला ब्लॉकमध्ये एक पोलादी पिन असते. ती फक्त घट्ट बसवलेली, मागे अडवायला काही नाही. वर्षानुवर्षांच्या थरथरीनं ती पुढे सरकते आणि टायमिंग गिअरमध्ये पडते. नशीब असेल तर हाउसिंग फुटून ऑइल गळतं. नसेल तर कॅमगिअरचे दाते जातात आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात.

इंजिन बाहेर आहे तोवर हे करा. क्रँकचा डॅम्पर आणि पुढचं कव्हर काढा, पिन तिच्या भोकात नीट आत ठोका आणि शेजारच्या हाउसिंगच्या बोल्टखाली एक छोटी पोलादी पट्टी अशी अडकवा की ती पिनेच्या तोंडावर येईल. गिअर पट्टीला घासत नाही ना ते क्रँक दोन फेरे फिरवून बघा. त्याच वेळी हाउसिंगचे बाकीचे बोल्टही काढून लॉकटाइट लावून आवळा, तेही सैल होतात.

कव्हर परत लावताना पुढचं क्रँक सील कोरडं बसवायचं. सवयीनं हात ऑइलच्या डब्याकडे जातो. जाऊ देऊ नका. क्रँकचं तोंड थिनरनं पुसून अगदी कोरडं, सीलसोबत आलेल्या प्लास्टिकच्या बाहीवरून सरकवायचं. ऑइल लावलेलं सील थोड्याच दिवसांत गळतं.

रिंगपाना
लोहारकाका, धन्यवाद. हे कुठेच एवढं स्पष्ट लिहिलेलं नाही.

टाकीचं काय करू? दोन टाक्या आहेत, आत विजेचे पंप.

सुपारीबोल्ट
दोन्ही टाक्या उतरवून धुवा. पेट्रोलचा अंश राहिला तर डिझेलचा वंगणपणा जातो आणि पंपाच्या आतले भाग खरवडतात. टाकीतले पंप काढून त्या जागी साधी नळी, तळापासून १२ ते १५ मिमी वर. बंद पंपातून ओढायला लावलं तर फीड पंप हवा ओढतो. जाणारी लाइन ३/८ इंचाची. परतीची लाइन पेट्रोलच्या गाडीला आधीच आहे, पण टाकी बदलायच्या व्हॉल्व्हमधून परतही त्याच टाकीत जाते ना ते तपासा. नाहीतर एका टाकीतून ओढून दुसरी ओसंडते. तांब्याची नळी आणि जस्त चढवलेले फिटिंग डिझेलला नकोत. पाणी वेगळं करणारा फिल्टर फीड पंपाच्या आधी.

मधलागिअर
ब्रेकचा व्हॅक्यूम. डिझेलला मॅनिफोल्ड व्हॅक्यूम नसतो हे विसरून लोक गाडी रस्त्यावर काढतात आणि पेडल दगड. दोन वाटा. डॉजच्या इंजिनावर गिअरनं फिरणारा व्हॅक्यूम पंप असतो, त्याच्याच मागे पॉवर स्टिअरिंगचा पंप. तो जोड पूर्ण घ्या. दोन्हींच्या मधलं सील गळकं, ते आधीच बदला. किंवा हायड्रोबूस्ट, म्हणजे व्हॅक्यूमऐवजी स्टिअरिंगच्या तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक बूस्टर: स्टिअरिंग पंप, तिथून बूस्टर, तिथून स्टिअरिंग बॉक्स, याच क्रमानं. परतीच्या दोन्ही नळ्या स्टिअरिंग तेलाच्या टाकीत वेगवेगळ्या सोडा. एकत्र टी मारली आणि मागे दाब चढला तर ब्रेक आपोआप थोडे लागून राहतात.

२०० किलो जास्तीचे आहेत, तेव्हा मी हायड्रोबूस्टच म्हणेन.

गुंडूराव
माउंटिंग बनवण्याचा क्रम, कारण इथेच सगळे घाई करतात.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस मूळ जागी ठेवा. इंजिन त्याला जोडून पुढे येऊ द्या. मग बघा: मागे फायरवॉल आणि एसीचा डबा, खाली चेंबर (ऑइल साठतं तो तळ) आणि पुढचा ॲक्सल, पुढे रेडिएटर. ॲक्सल वर येतो तेव्हा चेंबरला लागतो का ते बघायचं तर पाट्यांवर गाडीचं पूर्ण वजन हवं, आणि पुढचा ॲक्सल जॅकनं बंपस्टॉपपर्यंत उचलून बघा. घोडीवर लटकत्या ॲक्सलनं घेतलेलं माप खोटं.

इंजिन मागे ३ ते ४ अंश उतरतं ठेवा. मागच्या हाउसिंगचा पिनियन त्याच्याशी समांतर, फरक एका अंशाच्या आत. नाहीतर ताशी ८० वर घूं घूं सुरू होते आणि लोक टायर बॅलन्स करत फिरतात. माउंटिंगला आधी फक्त टॅक मारा. बॉनेट बंद करून बघा, पंखा रेडिएटरपासून २०-२५ मिमी आहे का बघा, डाउनपाइप फिरतो का बघा. मगच इंजिन काढून पूर्ण वेल्डिंग. इंजिन जागेवर असताना वेल्डिंग करायचंच झालं तर बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटर सोडून.

जुनाटलोहार
इंजिन उचलायच्या घोड्याबद्दल (छोट्या क्रेनबद्दल) एक. दोन टनी घोडा म्हणजे दांडा पूर्ण आत असताना दोन टन. पूर्ण बाहेर काढला की त्याच दांड्यावर लिहिलेलं असतं अर्धा टन. ६बीटी एकटंच तेवढं, गिअरबॉक्स लावलेला असेल तर त्याच्या पुढे. पुढचं ग्रिल आणि रेडिएटरचा आडवा सपोर्ट काढला की घोडा जवळ येतो आणि दांडा आत राहतो. इंजिन स्टँडही ४५० किलोवालं नको.

ठोकळा
मी अजूनही माझ्या पहिल्या उत्तरावर ठाम आहे.

टॉर्कवाली
😀

कागदपत्रांचं एक. अमेरिकेत इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं असावं आणि बदललेली गाडी कुठल्यातरी प्रमाणित मांडणीशी जुळावी अशी तिथल्या पर्यावरण संस्थेची, ईपीएची, भूमिका आहे. कॅलिफोर्नियात तर जड गाडीचं इंजिन हलक्या वर्गाच्या चेसिसमध्ये मंजूर होत नाही आणि तपासणी रेफरीकडे (अशा गाड्या तपासणाऱ्या अधिकृत केंद्रात) होते. दारावरच्या पाटीवर गाडीचं एकूण मंजूर वजन वाचा आणि इंजिन आणण्याआधी विचारा, नंतर नाही. ८८ च्या गाडीत ८९ चं इंजिन, म्हणजे निदान वर्ष तरी जुळतंय.

रिंगपाना
ठरवलं: ६बीटी, व्हीई पंप, झेडएफ आणि ४.१० तसंच, पुढे डिझेलचे पाटे, हायड्रोबूस्ट. आता पहिल्यांदा चालू करताना काय काळजी?

काळंतेल
टॅपेटची फट आधी लावा, इंजिन थंड असताना: इनटेक ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५१. चेंबरमध्ये सुमारे ११ लिटर ऑइल. टर्बोच्या ऑइलच्या तोंडातून थोडं ऑइल ओता, नाहीतर पहिले काही सेकंद तो कोरडा फिरतो.

एअर काढायची ती फिल्टरपासून. फीड पंपाचं बटण हातानं दाबत राहा, बुडबुडे संपेपर्यंत. मग १, ३ आणि ४ नंबरच्या नोझलचे नट सैल करून सेल्फ मारा, एका वेळी १५-२० सेकंद, मधे सेल्फला थंड होऊ द्या. नटातून डिझेल उडायला लागलं की आवळा. तिथे बोट धरू नका, तो फवारा कातडीतून आत जातो.

आणि हवेच्या तोंडावर झाकायला जाड प्लायवूडचा तुकडा हाताशी ठेवा. टर्बोचं सील गळत असेल तर इंजिन स्वतःचंच ऑइल जाळून पळत सुटतं आणि चावी काढून थांबत नाही. हात लावू नका, कापड तर अजिबात नको, तो गिळतो. फळीच.

सुपारीबोल्ट
मंद वेगात टायमिंगची पिन आत ढकलून बघायचा मोह आवरा. ती प्लास्टिकची आहे, फक्त थांबलेल्या इंजिनावर क्रँक जुळवायला. आत राहिली आणि सेल्फ मारला तर मोडते.

रिंगपाना
शेवटचं. जुना टॅकोमीटर चालेल का?

मधलागिअर
तसाच नाही. त्याला पेट्रोलच्या कॉइलचे ठोके लागतात, फेरीला चार. डिझेलला कॉइलच नाही. अल्टरनेटरला डब्ल्यू टर्मिनल असेल तर तिथून सिग्नल घ्या, पण त्याचा वेग पुलीच्या प्रमाणावर आणि आतल्या ध्रुवांवर ठरतो, म्हणून मधे जुळवून घेता येणारा कन्व्हर्टर लागतो. टॅकोच्या आधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर लावा, सेन्सर टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये. चढावर सलग ६७५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका, ॲल्युमिनियमचे पिस्टन आहेत.

गुंडूराव
मॅनिफोल्डला भोक पाडताना ड्रिलला ग्रीस लावा, चुरा ग्रीसला चिकटून येतो. आणि आधी टर्बो काढा. लोखंडाचा एक कणसुद्धा टर्बाइनच्या पात्यांपर्यंत जायला नको.